तुडीलच्या खाचरातली स्वातंत्र्यदेवी

सुमन,

शोकसभेत मी बोलले नाही. हेडसरांनी दोनदा माझ्याकडे पाहिलं, दोन्ही वेळा मी मान खाली घातली. बाकीचे बोलले. तुझं गाव, तुझं शिक्षण, महाडातली नोकरी, पोलादपूरची बदली, चित्रकलेच्या परीक्षांना बसवलेली मुलं, सगळं ओळीनं सांगून झालं. कुणीतरी म्हणालं, "बाई फार मितभाषी होत्या." तेव्हा मला हसू फुटलं आणि मी घाईनं पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं, मला रडू आलं. त्यांनी माझा हात धरला, आणि मग खरंच आलं.

मितभाषी! एका नाण्यावरून तू माझ्याशी इतकी वर्षं भांडत होतीस. एसटीत भांडलीस, सहलीत भांडलीस, माझ्या स्वयंपाकघरात पोळ्या लाटता लाटता भांडलीस. ते भांडण अर्ध्यावर टाकून गेलीस. उत्तर द्यायची पाळी तुझी होती की माझी, तेही मला आता आठवत नाही.

आणीबाणीचं पहिलं वर्ष होतं. भाताची झोडणी उरकली होती. तू शिक्षकांच्या खोलीत आलीस आणि रंगाच्या रिकाम्या डबीतून एक काळपट चकती काढून माझ्या वह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवलीस. तुमच्या खाडीकडच्या खाचराचा बांध पावसाळ्यात फुटला होता. तो पुन्हा घालायला तुझे वडील, आबा, माती काढत होते, तेव्हा एका ढेकळातून ती निघाली होती.

"तू इतिहासाची ना? मग सांग हे काय आहे."

मी ती उलटीसुलटी केली. शिवराई नव्हती, कंपनीचा रुपयाही नव्हता. म्हटलं, "मला नाही सांगता येत."

"मग मुलांना काय सांगतेस?"

तोपर्यंत आपली ओळख होती, मैत्री नव्हती. मैत्री त्या वाक्यापासून झाली असं मला वाटतं.

शाळा सुटल्यावर तुला मी बाजारपेठेत बाबांच्या दुकानात घेऊन गेले. सोनाराच्या मुलीला तेवढंच सुचणार. बाबांनी कसोटीवर कड घासली आणि म्हणाले, "चांदी आहे. आणि चांगली चांदी आहे." मग रिठ्याच्या पाण्यात ती भिजवून मऊ फडक्यानं पुसली. काळपटपणा निघत गेला तशी तू पुढं पुढं वाकत गेलीस. एका बाजूला पुरुषाचं तोंड, बाकदार नाक, डोक्यावर पानांची माळ. दुसऱ्या बाजूला एक बाई उभी. पायघोळ वस्त्र, एका हातात लांब दंड, आणि दुसरा हात पुढं केलेला. त्या हातात काहीतरी होतं. कडेनं अक्षरं होती, इंग्रजी वाटणारी पण इंग्रजी नसलेली.

"मोदक असेल," बाबा म्हणाले. "देवीच्या हातात दुसरं काय असणार?"

तू त्या बाईकडे किती वेळ बघत होतीस! नंतर पायऱ्या उतरताना म्हणालीस, "शैला, तिनं एका पायावर भार टाकलाय बघितलंस? नखाएवढी बाई, पण उभी कशी राहिलीय! पाणी भरायला रांगेत उभी राहावी तशी." मी अक्षरं वाचायच्या नादात होते. बाई मी पाहिलीच नव्हती. आपल्यातला फरक पहिल्याच दिवशी असा दिसला होता.

त्या रविवारी तू मला तुडीलला नेलंस. तुमच्या वाडीत मी पहिल्यांदाच आले होते. आबा ओटीवर बसले होते. त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "मोदक कसला? करवंटी हाय ही. आमाला असल्याच करवंटीत चा घालायचे." तुझी आई म्हणाली, "गप ऱ्हावा, पाव्हणी हाय." आबा हसले. मला कुठं बघावं ते कळेना. तू मात्र माझ्याकडे बघून घेतलंस, मी काय करते ते.

दुपारी गावातली चार जाणती माणसं आली. देवी सापडल्याचा बोभाटा झालाच होता. ती मंडळी ओटीवर चढली नाहीत, अंगणात उभी राहिली.

"धर्मा, देवी गावली म्हनं तुला?"

"नाणं गावलंय," आबा म्हणाले.

"त्यावर बाय हाय ना? मंग देवीच की ती. गावदेवीच्या देवळात बशवू. जमीन गावाची, देवी गावाची."

"जमीन माझ्या नावावर हाय. कुळकायद्यानं झाली."

"ते हाय रे. पण देवी काय कुणाच्या नावावर व्हत नाय."

आबा अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बशवा तुमी. पण मला येक सांगा. देवळात बशवल्यावर मी तिच्या पाया पडाय आलो, तर आत येऊ द्याल?"

त्यांच्यातला सर्वांत वयस्क म्हणाला, "तुमी लोकं तर देव मानीतच नाय आता."

"नाय मानीत. मी येनार बी नाय. पण येऊ द्याल काय, ते इचारतोय."

"धर्मा, येवढं वाढवू नको," तो म्हातारा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हे मला आजही आठवतं. त्याला खरोखरच अवघडल्यासारखं झालं होतं. ते चौघं निघून गेले. तुझ्या आईनं आणलेले कप ओटीच्या कडेला तसेच निवत राहिले.

आबांनी नाणं परत तुझ्या डबीत टाकलं. "त्यांच्या देवळात ही जायाची नाय. माझ्या घरात देव ऱ्हायाचा नाय. पण ही बाय हाय तरी कोन, ते कळाया पायजे. तुमी शिकलेल्या ना दोघी? जा, इचारून या."

म्हणून आपण मुंबईला गेलो. तुझ्या भावाकडे उतरलो आणि सकाळी त्या मोठ्या वस्तुसंग्रहालयात जाऊन बसलो. तिथले अधिकारी आधी कंटाळलेले होते. भिंगाखाली नाणं धरल्यावर ते खुर्चीत सरळ झाले. "कुठं सापडलं म्हणालात?"

"तुडील. महाडच्या खाली, सावित्रीकाठी."

ते रोमचं होतं. एकोणीसशे वर्षांपूर्वीचं, व्यापारी जहाजांबरोबर खाडीतून वर आलेलं. आपण दोघी एकमेकींकडे बघायला लागलो, तशी त्या गृहस्थांना हुरूप आला. त्यांनी कपाटातून मखमलीचा एक खण काढून आणला आणि आपल्यापुढं ठेवला. त्यात तसलीच चांदीची नाणी ओळीनं मांडलेली होती. पंखांचं शिरस्त्राण घातलेली रोमा, म्हणजे शहराचीच देवी. भाले रोखून घोडे उधळणारे दोन जुळे भाऊ, दोघांच्या टोप्यांवर एकेक चांदणी. मी म्हटलं, हे तर आपले अश्विनीकुमार. पंख पसरून माळ घेऊन धावणारी विजयदेवी. हातात तागडी धरलेली न्यायाची देवी. वाटीतून नागाला काहीतरी पाजणारी आरोग्यदेवी, तिला बघून तू म्हणालीस, "ही आमच्या शेजारची, नागपंचमीची." ते गृहस्थ हसले. तू कागद मागून घेतलास आणि भराभरा रेखाटायला लागलीस. एकेक देवी, तिचा झोक, तिच्या चुण्या. त्यांचा चहा आला, आपल्यालाही त्यांनी मागवला.

"आणि आमची?" तू विचारलंस.

"तुमची लिबर्टास. स्वातंत्र्याची देवी. ही अक्षरं बघा, 'लिबर्टास पब्लिका'. सार्वजनिक स्वातंत्र्य."

"सार्वजनिक," तू म्हणालीस. "महाडच्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही." त्यांना ते कळलं की नाही कोण जाणे. मला कळलं. सार्वजनिक तळ्यावर पाणी प्यायला गेलेल्या माणसांत तुझे आजोबा होते, ते तू मला येतानाच्या गाडीत सांगितलं होतंस.

"आणि हातात?"

"टोपी. लोकरीची टोपी. त्यांच्याकडे गुलामाला मोकळं करायचे तेव्हा त्याचं डोकं भादरून ही टोपी त्याच्या डोक्यावर घालायचे. ती टोपी म्हणजे हा आता कुणाचा नाही, स्वतःचा आहे."

तुझी पेन्सिल थांबली. मी मात्र माझ्या सवयीनं विचारलं, हे कुणी काढलं, कशासाठी काढलं. ते म्हणाले, याच्या आधीचा सम्राट जुलमी होता, त्याचा खून झाला. हा गादीवर आला आणि त्यानं लगेच हे नाणं पाडलं. फार दिवस टिकला नाही बिचारा.

"आणि गुलामगिरी?"

"ती होतीच की. ती कुठं जातेय?"

झालं. तिथंच भांडणाची ठिणगी पडली. परतीच्या गाडीत पेणपर्यंत तू गप्प होतीस, आणि मी बोलत होते. मी म्हटलं, राजे लोकांकडे जे नसतं तेच ते नाण्यावर छापतात. दुष्काळात धान्याची देवी, यादवीत शांततेची देवी. बाहेर बघ. स्टँडच्या भिंतीवर शिस्तीच्या घोषणा रंगवल्यात, आणि माणसं तुरुंगात आहेत. हे नाणं म्हणजे तसलीच भिंत.

तू खिडकीकडे तोंड करून म्हणालीस, "छापावं लागलं ना त्याला? म्हणजे लाज तरी होती."

"लाज नाही, लबाडी."

"असू दे लबाडी, पण तिची मूर्ती तरी केली. शैला, आपल्याकडे पैशाची देवी आहे, विद्येची आहे, अंगावर फोड उठतात त्याचीसुद्धा देवी आहे. सुटकेची देवी कुठाय? सांग ना, इतिहासाच्या बाई. कुठाय?"

मला सांगता आलं नाही. पण मी हार मानली नाही, आणि मला त्या वेळी ते महत्त्वाचं वाटलं.

तुडीलला तू किती आनंदात गेली होतीस! मी बरोबर होते, मी तुझा चेहरा बघितलाय. तू आबांना सगळं सांगितलंस. टोपी कशी असते, गुलामाचं डोकं कसं भादरतात, टोपी घातल्यावर तो कसा उभा राहत असेल, तेही करून दाखवलंस. आबा ऐकत होते. सुपारी कातरत होते.

"म्हंजे करवंटी नाय, टोपी," ते म्हणाले.

"हो, आबा."

"मंग फरक काय झाला?"

"अहो, टोपी म्हणजे सुटका!"

"कुणाच्या हातात हाय टोपी? बायच्या. देनारा हात वर, घेनारा खाली. देतील तवा देतील, मनात आलं की काढून घेतील. तुझा आजा तळ्यावर गेला तवा कुणी हात पुढं करून पानी दिलं नव्हतं. वाकला आनि वंजळ भरून घेतली. माराचं वळ उठलं पाठीवर. पन पानी त्यानं आपल्या हातानं घेतलं. ही तुझी देवी मला नको."

तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. आबा उठले आणि गुरांकडे गेले. सुमन, तुझा चेहरा असा उतरला, जणू तू शाळेतून पहिलं चित्र आणून दाखवलं होतंस आणि कुणी त्याकडं नीट पाहिलंच नव्हतं.

जमिनीत सापडलेलं जुनं नाणं सरकारजमा करावं लागतं, तसं आबांनी ते केलं. कचेरीत त्यांच्याबरोबर आपण दोघी होतो. कारकुनानं विचारलं, "वर्णन काय लिहू?" तू म्हणालीस, "चांदीचं रोमन नाणं, स्वातंत्र्यदेवीचं चित्र." त्याचा टाक अडला. त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाला, "बाई, तो शब्द नको. दिवस बरे नाहीत. साहेबांना विचारतो." साहेबांना विचारून आला आणि लिहिलं, 'स्त्री-आकृती'. बाहेर आल्यावर तू पोट धरून हसलीस. "बघितलंस? एकोणीसशे वर्षं मातीत पडली होती तरी कारकून तिला घाबरतो. आणि तू म्हणतेस हिच्यात काही नाही!" आबा पुढं चालत होते. त्यांना ऐकू गेलं असेल, पण ते वळले नाहीत.

नाणं यथाकाल मुंबईला त्याच संग्रहालयात गेलं. त्या गृहस्थांनी तुला कळवलं होतं की काचेच्या कपाटात ठेवू, खाली तुडीलचं नाव घालू. आपण ते बघायला जायचं ठरवलं. दर मे महिन्यात ठरवायचो. एकदा माझ्या धाकट्याला गोवर निघाला, एकदा तुझ्या आईचं आजारपण आलं, आणि त्यातच ती गेली. मग तुझी पोलादपूरला बदली झाली. खरं सांगायचं तर ही सगळी वरवरची कारणं होती. मी एकदा तुला म्हटलं, "अगं, एका दिवसात जाऊन येऊ." तेव्हा तू म्हणालीस, "आबा आल्याशिवाय मी जायची नाही."

"ते येणार नाहीत. ते म्हणालेत, दिली ती दिली."

"येतील. मी थांबीन."

तू थांबलीस. आणि भांडत राहिलीस, माझ्याशी. आबांशी जे बोलायचं होतं ते माझ्याशी बोलत राहिलीस असं मला फार उशिरा लक्षात आलं. रायगडची सहल घेऊन गेलो होतो, पाचाडला खानावळीत मुलं पिठलं-भाकरी खात होती, आणि तू माझ्या ताटाशेजारी बसून मध्येच म्हणालीस, "आबा म्हणतात देणारा हात. पण मी त्या हाताकडे बघतच नाही. मी त्या माणसाकडे बघते ज्याच्या मुठीत हे नाणं आलं." कुठला माणूस, मी विचारलं. "असेल एखादा हमाल. गुलाम. बंदरावर गोणी उतरवून त्याच्या हातावर मालकानं हे टेकवलं असेल. त्यानं ते उलटं केलं असेल. त्याला वाचता येत नव्हतं, पण टोपी ओळखता येत होती. टोपी असते, एवढं तर त्याला रोज दिसत राहिलं ना? एकदा दिसल्यावर माणूस पहिल्यासारखा राहतो का?"

मी म्हटलं, "आणि तेच नाणं देऊन दुसऱ्या दिवशी त्याच्यासारखाच माणूस विकत घेतला जात असेल, त्याचं काय?"

तू भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालीस, "तू फार वाईट आहेस."

पोलादपूरला तुझ्या खोलीवर मी येत असे तेव्हा आपण संध्याकाळी आंबेनळीच्या रस्त्यानं चालायला जायचो. घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक करकरत असायचे आणि आपण कडेला थांबून, त्या जाईपर्यंत गप्प राहून, पुन्हा तिथूनच पुढं सुरू करायचो. मागच्या वर्षी तू चालता चालता दगडावर बसायला लागलीस. पाय सुजतात म्हणालीस, शाळेत दिवसभर उभं राहून. मी म्हटलं, "डॉक्टरला दाखव." तू म्हणालीस, "दाखवलंय." काय निघालं ते सांगितलं नाहीस. तुझी मूत्रपिंडं निकामी होत आलीत हे मला तू भावाकडे मुंबईला गेल्यावर, आणि तेही तुझ्या वहिनीकडून, शाळेच्या फोनवर कळलं. मी यायला निघणारच होते. बॅग भरली होती. दुसरा फोन आला.

इतकं बोलणारी बाई तू, नेमकं तेवढंच कसं बोलली नाहीस? यावर मला तुझ्याशी खरं भांडायचं होतं, सुमन. रोमच्या सम्राटावरून नव्हे.

तुला तुडीलला आणलं तेव्हा आबा एकदाही मोठ्यानं रडले नाहीत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी पुन्हा गेले. वंदना झाली, माणसं जेवून पांगली. मी निघाले तर आबा म्हणाले, "बस गो शैलाबाय, जरा." आम्ही ओटीवर बसलो. समोर भाताची रोपं वाऱ्यानं हलत होती.

मग आबा म्हणाले, "ती बघून आली काय कंदी ते नाणं? काचंत ठेवलेलं?"

"नाही, आबा."

"मी गेल्तो."

मला आधी कळलंच नाही.

"पोराकडं ममईला गेल्तो तवा. दोनदा गेलो. पयल्यांदा गेलो तर बंद. दुसऱ्या खेपंला आत गेलो, सगळी कपाटं बघितली. नव्हतं. तितल्या मानसाला इचारलं, तो म्हनाला, कोठीत हाय, मांडलं नाय अजून. म्हटलं, मला दाखवा, माझ्या शेतात गावलंय. तो म्हनाला, साहेबाची चिठ्ठी आना." आबांनी पंच्यानं तोंड पुसलं. "सुमीला सांगितलं नाय. म्हटलं, हसंल. मी नको म्हनालेलो ना."

मी सांगू की नको, असं एक क्षण मला वाटलं. त्यांचं वय झालंय. पण तू असतीस तर सांगितलं असतंस, म्हणून मी सांगितलं. "ती तुमच्यासाठी थांबली होती, आबा. तुम्ही आल्याशिवाय जायची नाही म्हणायची."

"माझ्यासाटी?"

"हो."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग शेताकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. मी उठून आत जाऊन पाणी आणलं. ते प्यायले. मी म्हटलं, "आपण जाऊ. मी चिठ्ठी आणते. मी येते तुमच्याबरोबर."

"नाय," ते म्हणाले. "आता मला काय बघायाचं नाय. तिच्यासंगं बघायाचं व्हतं."

एसटीची वेळ होत आली होती, पण मला उठवेना. तेवढ्यात ते म्हणाले, "त्या दिशी ती बोलत व्हती आनि मी गुरांकडं गेलो. ती काय म्हननार व्हती ते माझं ऐकायचं ऱ्हाऊन गेलं. तुला ठावं असंल. तू सांग."

सुमन, मी सांगितलं. जे मी तुझ्या तोंडून दर वेळी ऐकलं आणि दर वेळी खोडून काढलं, ते सगळं मी आबांना पहिल्यापासून सांगितलं. आपल्याकडे सुटकेची देवी का नाही, ते. हमालाच्या मुठीतलं नाणं. त्यानं ते उलटं करून बघणं. टोपी असते हे एकदा कळलेला माणूस. कारकुनाचा अडलेला टाक. मी माझं काही मध्ये घातलं नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की मला तुझं सगळं पाठ आहे, आणि माझ्या बाजूचं एकही वाक्य नीट आठवत नाही. माझा आवाजही तुझ्यासारखा चढला असावा, कारण तुझी वहिनी दारात येऊन उभी राहिली.

आबांनी शेवटपर्यंत ऐकलं. या खेपेला ते उठले नाहीत. माझं संपल्यावर त्यांनी सुपारीचं खांड हातात घेतलं, अडकित्ता उघडला, आणि तसाच मिटून ठेवला.

"चूक हाय तिचं," ते म्हणाले.

"का?"

"का म्हंजे? त्या हमालाला टोपी दिसली. बरं. पन मालकाला बी तीच दिसत व्हती ना रोज? मंग तो का नाय बदलला?"

याचं उत्तर तू मला कधीच दिलं नव्हतंस, कारण मी तुला हे कधी विचारलंच नव्हतं. मला तुझ्या वतीनं ते शोधावं लागलं. मी म्हटलं, "मालकाला बदलायची गरज नव्हती, आबा. पण हमालानं मागितली असती, तर मालकाला 'असलं काही नसतंच' असं म्हणता आलं नसतं."

आबांनी मान वर केली. त्यांचे डोळे लाल होते, पण त्यात तुझी ती खोडकर चमक आली होती, जी मला वाटत होतं तुझ्या आईकडून आली असेल.

"ऱ्हा आज," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं जा. ह्याला माझ्याकडं जवाब हाय."